भुरीचं ऑपरेशन आणि काजळ्याची हजेरी

"रात्री नऊनंतर काही खायला देऊ नका. पाणीही नको." फोनवरच्या बाईंनी ठरलेलं वाक्य ठरलेल्या सुरात सांगितलं आणि मी ते मुकाट्याने कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीचं, म्हणजे आमच्या सशांच्या जोडीतल्या मादीचं, गर्भाशय काढायचं ऑपरेशन होतं. माणसाचं असो की कुत्र्याचं, ऑपरेशन उपाशीपोटी करतात एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. नऊ वाजता मी त्यांच्या खोपटातलं वाळलेलं गवत उचलायला गेले, तर भुरीने एक काडी दातांत धरून ठेवली आणि सोडेचना. त्या ओढाताणीत मला कशी कोण जाणे शंका आली. सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सशाला उपाशी ठेवत नाहीत. उद्याचं रद्द करा, आणि जमलं तर दवाखानाही बदला."

मी दोन्ही केलं.

उपाशी का ठेवत नाहीत, हे एकदा समजलं की सशाच्या ऑपरेशनाबद्दलचं निम्मं कळतं. माणसाला किंवा कुत्र्याला भुलीत उलटी होऊ शकते आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते, म्हणून त्यांचं पोट रिकामं ठेवतात. सशाला उलटी होतच नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो आणि जठराची ठेवण अशी असते की खाली गेलेलं वर येत नाही. शिवाय धडधाकट सशाचं जठर कधी पूर्ण रिकामं नसतंच. तेव्हा ज्या धोक्यासाठी उपास घडवायचा तो धोका इथे नाही. उपासाने जो धोका ओढवतो, तो मात्र मोठा.

सशाचं पोट जात्यासारखं असतं. वरून घास पडत राहिला तर फिरतं, घास थांबला की मंदावतं. गवताचा लांब, चिवट चोथा आतड्यांना हलतं ठेवतो. पोटातला सगळ्यात मोठा अवयव म्हणजे अंधांत्र, डॉक्टर त्याला सीकम म्हणतात. तिथे जिवाणूंची मोठी वस्ती असते आणि गवत आंबवायचं काम तिथे चालतं. त्या आंबवलेल्या मालाच्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या बनतात, आणि ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस येते, पण त्यातूनच त्याला ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. आपण झाडून काढतो त्या टणक, गोल, कोरड्या लेंड्या वेगळ्या. हे जातं थांबलं की आतला माल सुकून घट्ट होतो, वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून जातं आणखी थांबतं. लवकर हात दिला नाही तर यकृतावर चरबी चढते आणि ससा हातचा जातो. सशाच्या ऑपरेशनात जे जे जपायचं असतं, त्याच्या मुळाशी हे जातं आहे. भूल, वेदना, भीती, थंडी आणि जोडीदाराची ताटातूट, यांतलं प्रत्येक कारण त्याला थांबवू शकतं.

आता लोक मला हमखास विचारतात तो प्रश्न. नराची नसबंदी आधीच झाली होती, मग मादीचं ऑपरेशन कशाला?

आमची जोडी मुळात दोन बहिणी म्हणून घरी आली होती, भुरी आणि काजळी. आठ आठवड्यांच्या पिल्लाचं लिंग ओळखताना भलेभले चुकतात. तिसऱ्या महिन्याच्या आसपास काजळीचे अंडकोष दिसायला लागले आणि तिचा काजळ्या झाला. त्याच आठवड्यात मध्ये जाळी लावली, कारण सशांच्या बाबतीत 'बघू पुढच्या महिन्यात' परवडत नाही. लहान चणीच्या माद्या चौथ्या महिन्यापासून वयात येऊ शकतात. मादीला ठरावीक दिवसांचा माज नसतो. समागम झाला की त्यानंतर साधारण १० तासांनी बीजांड सुटतं, म्हणजे संधी फुकट जात नाही. गर्भारपण ३० ते ३२ दिवसांचं. आणि व्यायल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. बहीण-भाऊ, आई-मुलगा असली नाती त्यांच्या गावी नसतात.

काजळ्याचं ऑपरेशन सोपं झालं. नसबंदी म्हणतो खरं, पण नुसती नस न बांधता दोन्ही अंडकोष काढून टाकतात. नर सशाचा पोट आणि अंडकोषाची पिशवी यांच्यामधला रस्ता आयुष्यभर उघडा राहतो, घाबरला की तो अंडकोष वर ओढूनही घेतो. म्हणून तो रस्ता नीट शिवून बंद करणारा डॉक्टर हवा, नाहीतर आतडं तिथून खाली उतरू शकतं. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. ऑपरेशन झाल्यावरही आधी तयार झालेलं वीर्य नळ्यांमध्ये शिल्लक असतं, त्यामुळे चार ते सहा आठवडे तो बाप होऊ शकतो. आम्ही सहा आठवडे जाळी काढली नाही. दोघं जाळीच्या दोन बाजूंना अंग टेकून झोपायची.

पिल्लांचा प्रश्न असा मिटला. भुरीच्या गर्भाशयाचा मिटला नव्हता.

मादी सशाच्या गर्भाशयाला कर्करोग होण्याचं प्रमाण इतकं जास्त आहे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला छापताना चूक झाली असेल असं वाटलं. काही जातींमध्ये चार वर्षांवरच्या माद्यांत ५० ते ८० टक्के, असा आकडा पशुवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेला असतो. हे आकडे ठरावीक जातींचे आहेत, प्रत्येक घरच्या सशाला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण वय वाढेल तसा धोका वाढतो याबद्दल दुमत नाही, आणि नर खच्ची असला किंवा मादी कधी व्यायली नसली तरी तो टळत नाही. रोग सावकाश वाढतो. बरेचदा पहिली खूण म्हणजे लघवीत रक्त, आणि तोवर तो फुप्फुसांत पोहोचलेला असू शकतो. म्हणून मोठ्या वयाच्या मादीचं ऑपरेशन करण्याआधी चांगले डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. तो खर्च उगाच नसतो.

लघवीचा विषय निघालाच आहे तर सांगते. सशाची लघवी खाण्यातल्या आणि शरीरातल्या रंगद्रव्यांमुळे पिवळ्यापासून नारिंगी, अगदी गंजासारखी लालही होते. जास्तीचं कॅल्शियम ससे लघवीवाटे टाकतात, त्यामुळे ती गढूळ पांढरीही दिसते. हे सगळं ठीक. पण पिवळ्या लघवीत लाल रेघ किंवा गुठळी वेगळी दिसली तर ते रक्त समजायचं. अंदाज बांधत बसू नका, नमुना बाटलीत घेऊन जा. पट्टी बुडवून दोन मिनिटांत कळतं.

दुसरं कारण रोजच्या जगण्यातलं. भुरी दर काही आठवड्यांनी स्वतःच्या छातीचे केस उपटायची, तोंडात गवताचा भारा धरून कोपऱ्यात नेऊन रचायची आणि हात पुढे केला की गुरगुरून पंजे मारायची. हे खोटं गर्भारपण. पिल्लं नसतातच, पण शरीराला वाटतं की आहेत, आणि सोळा-अठरा दिवस हा सोहळा चालतो. खच्ची नराने नुसती पाठीवर स्वारी केली तरी तो सुरू होऊ शकतो, दुसऱ्या मादीने केली तरीही. त्या दिवसांत ती काजळ्यालाही फिरकू द्यायची नाही. जमलेल्या जोड्या फुटतात त्या बरेचदा अशाच हार्मोनच्या भरात. दोन माद्यांची जोडी असेल तर दोघींचं करून घेण्याला पर्याय नाही, असं माझं मत.

ऑपरेशनाचं चांगलं वय साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत. फार लहानपणी भुलीचा भार जास्त आणि अवयव चिमुकले. वय आणि वजन वाढलं की गर्भाशय धरून ठेवणाऱ्या पडद्यात चरबी साठते, रक्तवाहिन्या तिच्यात लपतात आणि डॉक्टरांचं काम किचकट होतं. भुरी दीड वर्षाची झाली होती. आम्ही उशीर केला, आणि त्याला आमच्या भीतीशिवाय दुसरं कारण नव्हतं.

ती भीती अगदीच वेडगळ नव्हती. ब्रिटनमध्ये भुलीखालच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांमध्ये भुलीशी जोडलेल्या मृत्यूचं प्रमाण ०.१७ टक्के निघालं, मांजरांमध्ये ०.२४ आणि सशांमध्ये १.३९. कुत्र्यांच्या आठपट. पण ८,२०९ सशांच्या त्या नोंदींतच पुढचा आकडा दडलेला आहे: आधीपासून निरोगी असलेल्या सशांमध्ये ०.७३ टक्के, आजारी सशांमध्ये ७.३७. म्हणजे निरोगी असताना ऑपरेशन करणं आणि रोग झाल्यावर करणं यात दहापटीचा फरक. 'काही झालं तर बघू' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. तिसरी गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटली. मेलेल्या सशांपैकी ६४ टक्के टेबलावर गेले नव्हते. ऑपरेशन संपलं होतं, टाके घातले होते, आणि त्यानंतर ते गेले.

टेबलावरही अडचणी असतात. सशाचं तोंड अरुंद आणि खोल, जीभ मोठी, त्यामुळे कुत्र्यासारखा जबडा उघडून घशात बघत नळी घालता येत नाही. तो श्वास नाकाने घेतो, नाक चोंदलं की संपलं. छाती लहान आणि पोट अवाढव्य; उताणं ठेवलं की पोटाचा सगळा भार फुप्फुसांवर येतो, म्हणून छातीकडची बाजू जरा उंच ठेवतात. अंग लहान आणि कान मोठे, त्यामुळे ऊब भरभर जाते. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असायला हवं, ते घसरलं की जागं व्हायला वेळ लागतो आणि जातं फिरायला आणखी वेळ. ही कामं डॉक्टरांची आहेत. आपलं काम, हे सगळं ज्यांना माहीत आहे असा डॉक्टर शोधणं.

कसा ओळखायचा? मी आता एकच प्रश्न साळसूदपणे विचारते: "किती तास उपाशी ठेवू?" जो म्हणतो, "अजिबात नको, उलट त्याचं आवडतं खाणं बरोबर आणा, शुद्धीवर आल्या आल्या देऊ," त्याने सशांवर काम केलेलं असतं. फार तर तोंडात घास राहू नये म्हणून तास-दोन तास आधी थांबवतात, तेवढं ठीक. बाकी विचारायचंच तर महिन्याला किती ससे हातांखालून जातात ते विचारा, आणि वेदनेचं औषध घरी किती दिवस देणार तेही. "सशांना लागत नाही, ते सोसतात" असं उत्तर आलं तर उठून या. ते सोसत नसतात, लपवत असतात. शिकार होणाऱ्या प्राण्याने दुखतंय असं दाखवणं म्हणजे कोल्ह्याला आवतण देणं.

औषधांचंही तसंच. कुत्र्यामांजरांना सर्रास देतात ती अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घरातली अँटिबायोटिक्स सशाला तोंडाने दिली तर अंधांत्रातली चांगली वस्ती मरते, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. पिसवांवरचं फिप्रोनिल हेही सशांना घातक. घरातलं औषध अंदाजाने देऊ नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

आता जोडीचं.

पहिल्यांदा काजळ्याला नुसतं नखं कापायला नेलं होतं तेव्हा भुरीला घरी ठेवलं. तासाभरात परत आलो. तोवर त्याच्या अंगाला टेबलावरच्या जंतुनाशकाचा आणि कुठल्याशा कुत्र्याचा वास लागलेला. त्याला आत सोडलं, भुरी दोन पावलं पुढे आली, नाक एकदा फुरफुरलं, आणि दुसऱ्या क्षणाला तिने त्याच्या पाठीचे केस तोंडभर उपटले. तिच्या दृष्टीने हा कोणीतरी परका होता. ससे एकमेकांना डोळ्यांपेक्षा वासाने ओळखतात. हनुवटीखालच्या ग्रंथीने घासून घासून घरातली प्रत्येक वस्तू आणि एकमेकांचं डोकंही 'आपलं' करून ठेवतात. तो वास पुसला गेला की ओळख पुसली जाते.

म्हणून नियम सोपा: एकाला दवाखान्यात जायचं असेल तर दोघं जातात. नखं असोत, दात असोत की ऑपरेशन. दोघांच्या अंगाला एकच वास लागतो, प्रवासात एकमेकांना चिकटून बसतात, आणि घरी आल्यावर ओळखपरेड होत नाही. कॅरियर कडक, दोघं आडवी पसरू शकतील एवढा, आणि वरून उघडणारा असेल तर फारच बरं. घाबरलेल्या सशाला पुढच्या दारातून ओढून काढणं म्हणजे दोन्ही बाजूंना शिक्षा. तळाशी घसरणार नाही असा टॉवेल, तोही त्यांच्या वासाचा, धुतलेला नको. वर गवताचा ढीग. पाण्याची वाटी सांडते, त्यापेक्षा ओली पानं द्यावीत. प्रतीक्षाखोलीत कॅरियर जमिनीवर ठेवू नका, कुत्र्यांची नाकं त्याच उंचीवर असतात. वरून चादर टाकून मांडीवर घ्या, नाहीतर सरळ बाहेर थांबा आणि नंबर आला की बोलवायला सांगा.

तपासणीच्या टेबलावर डॉक्टर काय करतात ते बघत राहा. सशाचा सांगाडा हलका आणि मागचे पाय दणकट, हवेत जोराने झटका मारला तर स्वतःच्याच पाठीचा कणा मोडून घेतो. म्हणून उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा बुडाखाली, आणि अंग आपल्या अंगाशी. उताणं धरलं की ससा निपचित पडतो, त्याला कोणी 'संमोहन' म्हणतात आणि कौतुकाने बघतात. ती भीतीने आलेली बधिरता असते. दात बघायचे तर पुढचे चार मोठे आणि वरच्या जोडीमागचे दोन छोटे सहज दिसतात, पण खरी गंमत मागे गालांत आहे, एकूण दात २८ आणि सगळे आयुष्यभर वाढणारे. पुढचे आठवड्याला जवळपास दोन मिलिमीटर वाढतात. गवत चावून झिजले नाहीत तर दाढांना काटे येतात आणि जीभ कापते. जागेपणी मागच्या दाढा पूर्ण दिसत नाहीत, म्हणून भूल द्यायचीच आहे तर "दाढाही बघून घ्या" असं आधी सांगून ठेवावं. भुरीच्या वेळी मी हे सांगितलं, आणि डाव्या बाजूला एक काटा निघाला.

ऑपरेशनाच्या दिवशी दोघं एकाच कॅरियरमधून गेली. डॉक्टरांनी काजळ्याला आत ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, सगळीकडे जागा असतेच असं नाही, पण विचारायला काय जातं. भुरीच्या पोटावरचे केस काढताना त्यांचा हात फार हळू चालला होता; सशाची कातडी कागदासारखी पातळ, मशीन घाईने फिरवलं की फाटते. त्यांनी नंतर काढलेलं गर्भाशय ट्रेमध्ये दाखवलं. दोन लांब शिंगं, आणि शेवटी एकाऐवजी दोन मुखं. सशाचं गर्भाशय जणू शेजारी शेजारी ठेवलेली दोन घरं. एका शिंगावर मसुराएवढी गाठ होती. तपासणीत ती साधी निघाली.

जागी होत असताना तिला पिंजऱ्यात ठेवलं, अर्ध्या भागाखाली उबेची गादी आणि अर्धा भाग मोकळा, गरम झालं तर सरकता यावं म्हणून. ती मान सावरायला लागल्यावर काजळ्याला शेजारी सोडलं. पूर्ण शुद्ध येण्याआधी सोडत नाहीत, कारण धडपडणाऱ्या, विचित्र वागणाऱ्या जोडीदाराला बघून दुसरा हल्ला करू शकतो. तो आला, तिचे कान हुंगले, आणि कपाळ चाटायला लागला. चाळीस मिनिटांनी तिने कोथिंबिरीचं एक पान ओढलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

घरी आल्यावर खरी परीक्षा आणि इथेच जोडीची एक अडचण समोर येते. मला सांगितलं होतं: खातेय का बघा, लेंड्या पडतायत का बघा. सकाळी बघते तर ट्रेमध्ये लेंड्यांचा ढीग. कुणाच्या?

जवळ ठेवावं तर लेंड्यांचा हिशोब लागत नाही, वेगळं ठेवावं तर दोघांचाही जीव थाऱ्यावर राहत नाही. आम्ही जुनी जाळी परत काढली. दोन्ही बाजूंना वेगळा ट्रे, वेगळं गवत, आणि झोपायची जागा जाळीला लागून, म्हणजे अंगाला अंग लागतं. भुरीच्या बाजूला मी पांढरे टॉवेल अंथरले होते. एक तर टाक्यांना भुसा चिकटत नाही, आणि लेंड्या मोजता येतात. पहिल्या रात्री अकरा, शेंगदाण्यापेक्षा लहान, काळपट, काही थेंबासारख्या टोकदार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाळीसच्या वर, आणि रंग उजळत चाललेला. लेंडी मोठी, गोल, फिकट तपकिरी आणि फोडली तर आत गवताचा भुगा दिसणारी झाली, की जातं पूर्ववत फिरायला लागलं. मी आयुष्यात कधी विष्ठा बघून इतकी खूश झाले नव्हते. जाळीचा दुसरा फायदा म्हणजे काजळ्याला ताज्या टाक्यांवर स्वारी करता आली नाही. खच्ची नरही ते करतात, वर्चस्वासाठी, सवयीने, कधी नुसतं उत्साहाने.

खाणं सुरू झालं नाही तर थांबायचं नाही. ऑपरेशननंतर काही तासांत थोडं तरी खायला हवं. १२ तास काही खाल्लं नाही किंवा एकही लेंडी पडली नाही तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन. ते बहुधा गवताच्या भुकटीचा पातळ घोळ सिरिंजने द्यायला सांगतील. सिरिंज समोरून घशात मारायची नाही, गालाच्या बाजूने दातांमागच्या फटीत, थोडं थोडं, गिळू देत. मात्र पोट फुगून टणक झालं असेल तर आधी डॉक्टर, मग घोळ.

वेदना ओळखायला चेहरा बघायचा. यासाठी २०१२ साली सशांच्या चेहऱ्याचं एक मोजमाप तयार झालं: डोळे किती मिटलेत, गाल किती चपटे झालेत, नाकपुडीचा आकार, मिशा आणि कान. दुखणारा ससा अर्धे डोळे मिटून, गाल ओढून, कान घट्ट मागे घेऊन पोट जमिनीला दाबून बसतो. दात मोठ्याने कचाकचा वाजवतो. डोकं कुरवाळताना वाजतात ते हलके दात समाधानाचे, ऐकून ऐकून फरक कळतो. भुरीला मेलॉक्सिकॅम हे वेदनेचं औषध दिलं होतं, सांगितलेल्या दिवसांपर्यंत. तिसऱ्या दिवशी ती बरी दिसतेय म्हणून बंद करायचा मोह झाला होता; बरी दिसत होती ती औषधामुळेच.

गळ्यात प्लास्टिकचं भोंगं शक्यतो घालू नये. त्यात तिला त्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत, अंग चाटता येत नाही, आणि ती घाबरून खाणंच सोडते. त्यापेक्षा टाके कातडीच्या आत लपवून घालतात, ओढायला टोकच राहत नाही. आपण दिवसातून दोनदा बघायचं: लाली, सूज, ओल, वास. दहा-चौदा दिवस उड्या आणि पायऱ्या बंद.

चौथ्या दिवशी आम्ही जाळी थोडा थोडा वेळ काढायला लागलो, समोर बसून. बाराव्या दिवशी टाके तपासायला गेलो तेव्हा अर्थात दोघं गेली. हार्मोन उतरायला आणखी महिना-दीड महिना लागतो, तोवर भुरीने दोन-तीनदा काजळ्याला उगाच हुसकावलं, पण केस उपटले नाहीत आणि गवताचा भाराही पुन्हा रचला नाही.

आता वर्षातून दोनदा दोघांना तपासून आणते. दरम्यान स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन, कारण पाच किलोच्या जोडीतल्या एकाने पाव किलो गमावलं तर केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. वहीत दोन रकाने आहेत. या रविवारी भुरी २ किलो ४१० ग्रॅम, काजळ्या २ किलो ६६० ग्रॅम. तो परात सोडून खाली उतरायला तयार नव्हता, म्हणून शेवटी दोघांना एकत्र बसवलं आणि त्याचं वजन वजा केलं.